दत्तक सोबती आणि घाटावरच्या वाटा

बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला त्याचा ठावठिकाणा विचारला, तर गावाचे नाव सांगण्यापूर्वी तो बहुधा एक शब्द उच्चारतो: घाटावर किंवा घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे असे दोन भाग पाडले आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद ही पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीची, कापसाची आणि वैशाखात अंग भाजून काढणारी गावे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा ही पठारावरची, चढउताराची आणि त्या मानाने सुसह्य हवेची गावे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंचीवर वसले आहे आणि राजूर घाट चढून वर आले की उन्हाळ्यातही हवेतला फरक अंगाला कळतो. हा भूगोल आपण आजवर बैलगाडीतून, एसटीतून किंवा मुलाच्या मोटारीतून पाहिला असेल. या लेखात तो आपल्याला चार पायांच्या, नुकत्याच घरी आलेल्या एका सोबत्याबरोबर पाहायचा आहे. त्याच्या पंजांना डांबर किती तापले आहे हे आपल्या चपलांना कळत नाही, म्हणून तोच भूगोल थोडा निराळा दिसेल.

असा सोबती येतो कुठून? आपल्याकडच्या बहुसंख्य घरांत कुत्रा विकत आणला जात नाही. तो येऊन बसतो. एखाद्या पावसाळ्यात ओसरीच्या कोपऱ्यात अंग चोरून, मग फाटकाच्या आत, मग पायरीवर. मुले पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला नोकरीस गेलेली, घरात दोघेच उरलेले, कधी एकच उरलेले. दिवसभर माणसाचा वावर आणि आवाज मात्र कमी, असे घर कुत्र्याला सुरक्षित वाटते. परंतु फाटकापाशी भाकरीचा तुकडा टाकणे वेगळे आणि त्याला घरचा मानणे वेगळे. घरचा मानायचे ठरले की पहिली फेरी पशुवैद्यकाकडे. बुलढाणा शहरात जिल्हा पशुसर्वचिकित्सालय आहे आणि तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. रेबीजची लस, जंतांचे औषध, गोचिडांचा बंदोबस्त आणि निर्बीजीकरण या चार गोष्टी झाल्यावाचून त्याला नातवंडांच्या अंगाखांद्यावर येऊ देऊ नये. रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर आणि मोठ्या कुत्र्याला आणल्याबरोबर द्यावी. पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे द्यावेत आणि वर्षाला एकदा लस चुकवू नये.

पिल्लू आणावे की मोठा कुत्रा, हा प्रश्न ज्येष्ठांच्या घरी भावनेने सुटतो. तो गुडघ्यांनी सोडवावा असे आमचे मत आहे. पिल्लू गोड असते यात वाद नाही. परंतु पिल्लू म्हणजे सहा-आठ महिने पायांत घुटमळणारी, चपला पळवणारी, रात्री दोनदा उठवणारी जबाबदारी, आणि साठीनंतर पायांत घुटमळणारी कोणतीही वस्तू धोक्याचीच असते. चार ते सात वर्षांचा, गल्लीत वाढलेला, ज्याची खोडकर वर्षे सरली आहेत असा गावठी कुत्रा आपल्या वयाला अधिक शोभतो. त्याला उन्हापावसाची सवय असते, तो फारसा आजारी पडत नाही आणि दुपारच्या वामकुक्षीचे महत्त्व त्याला आपल्याइतकेच कळते.

वयाचा हिशेब येथेच थांबत नाही. चांगली देखभाल झाली तर गावठी कुत्रा बारा ते पंधरा वर्षे जगतो. आपले वय बहात्तर असेल आणि घरात पिल्लू आले, तर त्या दोन आकड्यांची बेरीज करून पाहावी. पाच वर्षांचा कुत्रा आणला तरी प्रश्न उरतोच: आपण महिनाभर रुग्णालयात राहिलो, किंवा परतलोच नाही, तर याचे काय? प्रश्न अप्रिय आहे, म्हणून तो पहिल्याच आठवड्यात विचारावा. अनेक घरांत असे घडते की आजोबांना दवाखान्यात हलवले जाते, आजी त्यांच्यासोबत जातात आणि मागे राहिलेला कुत्रा शेजारणीने टाकलेल्या भाकरीकडे पाहतही नाही. शेजारीण निष्ठुर नसते. कुत्र्याने तिला कधी आपले मानलेले नसते, एवढेच. ज्या कुत्र्याचे सारे जग एकाच माणसाच्या पायांशी संपते, तो त्या माणसाबरोबरच अनाथ होतो. म्हणून यापुढे ज्या फिरण्याविषयी आणि सहलींविषयी लिहिले आहे, त्यांचा हेतू हवापालट एवढाच समजू नये. कुत्र्याचे जग आपल्यापेक्षा मोठे करून ठेवणे, हे या वाटांचे खरे काम आहे.

पहिले काही दिवस मात्र कोठेही जायचे नाही. कुत्रा दत्तक देणाऱ्या संस्थांतून तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगितला जातो: तीन दिवस तो बावरलेला असतो, तीन आठवड्यांत त्याला घराचा दिनक्रम कळतो आणि तीन महिन्यांत हे घर आपले आहे अशी खात्री त्याला वाटू लागते. ठोकताळाच तो, प्रत्येक कुत्र्याचे पंचांग निराळे. आमच्या घरी आलेली मैना खराटा दिसला की पलंगाखाली जात असे. तिला कोणी कधी खराट्याने मारले होते हे उघड होते; कोणी, ते विचारून उपयोग नव्हता. खराटा मागच्या अंगणात ठेवला गेला आणि तिचे जेवण दररोज त्याच्यापासून एकेक पाऊल जवळ सरकवले गेले. पाच आठवड्यांनी ती त्याच्या शेजारी बसून जेवली. घाई करणाऱ्या माणसाला हे जमत नाही, निवृत्त माणसाला जमते.

या दिवसांत जेवणाची वेळ, ताट आणि जागा एकच असावी. ज्वारीची भाकरी, भात, उकडलेले अंडे, बिनमसाल्याचे चिकन चालते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट यांपैकी काहीही घालू नये. शिजवलेली हाडे फुटून आतड्यात रुततात. आणि एक गोष्ट आपल्या घरांसाठी विशेष महत्त्वाची: औषधांचा डबा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांसारखी वेदनाशामके माणसाला आराम देतात, पण कुत्र्याच्या पोटावर, मूत्रपिंडावर, यकृतावर घाला घालू शकतात. हातातून निसटलेली गोळी पलंगाखाली गेली तर ती शोधल्याशिवाय झोपू नये. काळजी घेणाऱ्या सुनेने किंवा परिचारिकेने गोळ्या टेबलाशी बसवूनच द्याव्यात.

आता फिरणे. पहिली वाट अगदी लहान ठेवावी: फाटक ते गल्लीचे तोंड आणि परत. आठवडाभर तीच वाट, त्याच वेळी. आपल्याला कंटाळा येईल. त्याला येत नाही. प्रत्येक खांबाशी थांबून तो जे हुंगतो ती त्याची वृत्तपत्रे आहेत आणि ती त्याला घाईने उरकायला लावू नयेत. हृदयरोग असलेल्या वाचकांना त्याच्या या सवयीचा उपकारच वाटेल, कारण लाज न वाटता थांबण्याचे निमित्त मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांसाठी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सांगितला आहे. हुंगत हुंगत होणारी फेरी त्यात पूर्णपणे मोजता येणार नाही, परंतु खुर्चीतून उठवून दिवसातून दोनदा दाराबाहेर काढणारा असा मुकादम दुसरा मिळणार नाही.

पट्ट्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. अमेरिकेत 65 वर्षांवरील व्यक्तींना कुत्रा फिरवताना झालेल्या अस्थिभंगांची पाहणी झाली. 2004 मध्ये अशा दुखापतींची संख्या सुमारे 1,670 होती, ती 2017 मध्ये सुमारे 4,400 झाली. त्यात स्त्रिया बहुसंख्य होत्या आणि खुब्याच्या हाडाचे मोडणे वारंवार आढळले. आपल्याकडे अशी मोजदाद कोणी ठेवत नाही, पण मांजर पाहून कुत्र्याने घेतलेली झेप बुलढाण्यातही तशीच असते. पट्टा मनगटाला गुंडाळू नये, बोटांना तर मुळीच नाही. तळहातात धरावा, म्हणजे प्रसंगी सोडता येईल. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीभोवतीचा पट्टा घ्यावा. त्याने ओढ कमी बसते आणि त्याचा गळाही आवळत नाही. लांबी पाच-सहा फूट पुरे. चक्रीतून सुटत जाणारी लांब दोरी ज्येष्ठांनी वापरू नये. ज्यांच्या एका हातात काठी आहे त्यांनी कुत्रा दुसऱ्या हाताला आणि नेहमी त्याच बाजूला चालवावा. हाडे ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पहिले महिनाभर पट्टा नातवाच्या हाती द्यावा आणि आपण शेजारून चालावे. मालकी त्यामुळे कमी होत नाही.

गल्ली ओळखीची झाली की पांदण रस्ता. ज्यांना वावराकडे जाणारी पांदण हाताशी आहे, ते भाग्यवान. दोन्ही बाजूंना धुऱ्यावरची बाभळ, निंब, बोर. आत सोयाबीन, तूर, कपाशी. मऊ मातीवर गुडघ्यांना बसणारा हिसका डांबरापेक्षा कमी असतो आणि पंजांनाही ती सोसते. मात्र ऋतूचे भान ठेवावे लागते. पावसाळ्यात गोचिडी वाढतात आणि गवतात घोणस असते. पायात बूट आणि हातात बॅटरी घेतल्याशिवाय अंधारात पांदणीला जाऊ नये. भाद्रपद-आश्विनात कपाशीवर फवारणी चालू असेल त्या दिवशी त्या धुऱ्याने जायचे नाही, कारण कुत्रा पंजे चाटतो आणि विष पोटात घेतो. आश्विन-कार्तिकात गवत वाळते आणि कुसळे सुटतात. आपल्या धोतराला चिकटलेले कुसळ आपण काढून टाकतो. त्याच्या कानात किंवा दोन बोटांमध्ये शिरलेले कुसळ आत सरकत जाते आणि आठ दिवसांनी पू होतो. तो एकसारखे डोके झटकू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रानडुक्कर आणि रोही यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी कुंपणात वीज सोडलेली असते. शेतमालकाला विचारल्यावाचून पट्टा सोडू नये. उन्हाळ्यात एकच कसोटी: हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवावी. आपल्याला टेकवत नसेल तर त्यालाही चालवू नये. घाटाखालच्या वाचकांसाठी याचा अर्थ चैत्र-वैशाखात सकाळी सातच्या आत घरी, असा होतो.

चावण्याचा विषय टाळून चालणार नाही. वाटेत दुसरे कुत्रे अंगावर येऊ शकतात आणि सोडवायला गेलेला हात कोणाच्याही दातांत सापडू शकतो. दात किंवा नखे लागली तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जावे. ज्यांच्या मनात पोटातल्या चौदा इंजेक्शनांची जुनी धास्ती आहे त्यांनी ती काढून टाकावी. ती पद्धत केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात: पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा, काही ठिकाणी क्रम थोडा निराळा असतो, तो डॉक्टर सांगतात. रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे वेगळे प्रतिबंधक औषधही लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागली की उपचार उरत नाही, म्हणून आपल्या कुत्र्याला लस दिलेली आहे या भरवशावर स्वतःची लस टाळण्याचा निर्णय घरी घेऊ नये. तो डॉक्टरांनी घ्यावा.

दिवाळीनंतर शेते मोकळी झाली की घाटावर धनगरांचे वाडे दिसू लागतात. कोणाच्या वावरात मेंढ्या बसवलेल्या, घोड्यावर लादलेला संसार उतरवलेला, चूल मांडलेली आणि कडेला दोन-तीन कुत्री. आज या शेतात, चार दिवसांनी दुसऱ्या गावच्या शिवारात. त्या कुत्र्यांना ना भिंत, ना फाटक, तरी ती सैरभैर झालेली आपल्याला कधी दिसत नाहीत. कारण जागा बदलली तरी मांडणी तीच असते. चूल येथे, मेंढ्या तेथे, म्हातारा या बाजूला निजणार, भाकरी या हातून मिळणार. कुत्र्याचे घर त्या मांडणीत असते. अलीकडे चाकांवरच्या घरांची मोठी चर्चा होते. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले. परंतु कुत्र्याला बरोबर घेऊन फिरता संसार कसा मांडावा, हे आपल्या शिवारात पिढ्यान्पिढ्या कोणी करून दाखवत आले आहे. बायाबापड्या, लेकरे, कोंबड्या आणि कुत्री यांच्यासह.

आपल्यापैकी फार थोड्यांकडे कॅरॅव्हॅन असेल, आणि तिची गरजही नाही. मारुतीची ओम्नी 1984 पासून 2019 पर्यंत बनत राहिली आणि आजही गावोगावी दिसते; तिच्या जागी आता ईको आली आहे. मागचे आसन काढून तेथे गोधडी अंथरली, एक पाण्याचा कॅन, एक ताट, एक घडीची खुर्ची ठेवली की ज्येष्ठ जोडप्याची आणि त्यांच्या कुत्र्याची सोय होते. गाडी मुलगा, भाचा किंवा ओळखीचा चालक चालवील. ज्यांना खाली वाकून आत शिरणे कठीण जाते त्यांना व्हॅनचे सरकते दार सोयीचे पडते, आणि कुत्र्यालाही.

येथेही धनगरांचाच धडा. गोधडी नवी नको. घरात तो ज्या गोधडीवर निजतो तीच. ताट तेच. मैनेला गाडीचा इतका धसका होता की इंजिनाचा आवाज आला की ती अंगणाच्या पलीकडे जाई. आठ दिवस गाडी दारात उभी ठेवून, दार उघडे टाकून तिचे जेवण आत दिले गेले. मग इंजिन चालू ठेवून जेवण. मग वळणापर्यंत जाऊन परत. पहिल्या फेरीचा शेवट इंजेक्शनाने होऊ नये. गाडी म्हणजे दवाखाना अशी त्याची समजूत झाली की पुढे फार जड जाते. प्रवासापूर्वी तीन तास पोट रिकामे असावे, म्हणजे घाटातल्या वळणांवर उलटी होत नाही. पुढच्या आसनावर नको, मागे, आणि छातीच्या पट्ट्याला बांधलेला. दर दीड-दोन तासांनी थांबावे. त्याला लागते आणि मधुमेही व प्रोस्टेटच्या वाचकांनाही लागते, शिवाय पाय हलवले की पिंडऱ्यांत रक्त साकळत नाही. बंद गाडीत त्याला एकटे ठेवणे मात्र कधीच नाही. बाहेर 30 अंश असताना बंद गाडीचे तापमान अर्ध्या तासात 45 अंशांच्या पुढे जाते. तो जोराने धापा टाकू लागला, लाळ गळू लागली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटले, तर सावलीत नेऊन पोट आणि पंजे साध्या पाण्याने भिजवावेत, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

कोठे जावे? पहिल्या सहलीसाठी सिंदखेड राजा. जिजाऊंचे हे जन्मस्थान. 12 जानेवारीला येथे लाखोंचा समुदाय लोटतो, तो दिवस आणि त्याच्या मागचेपुढचे दोन दिवस कुत्र्यासाठी वर्ज्य. एरवी पौष-माघातल्या एखाद्या साध्या मंगळवारी गाव निवांत असते. लखुजी जाधवांच्या वाड्यात कुत्र्याला नेता येणार नाही. एकाने आत जाऊन यावे, दुसऱ्याने बाहेर त्याच्याजवळ बसावे. मग मोती तलावाकडे जावे. जुन्या दगडी बांधाच्या बाजूने सपाट चालता येते, पाण्यावर पाखरे असतात आणि हिवाळ्यातले ऊन पाठीवर घेत अर्धा तास सहज जातो. येथवर येण्यासाठी समृद्धी महामार्गाचा मोह होईल. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला आणि मेहकर, सिंदखेड राजा त्याच्या वाटेवर आले. वेगाची वाहने, मध्येच थांबण्यास बंदी आणि दूरदूर असलेले थांबे हे सारे कुत्र्याला आणि आपल्या मूत्राशयाला मानवणारे नाही. जुना चिखली-देऊळगाव राजाचा रस्ता वेळ घेतो, पण निंबाखाली चहाची टपरी देतो.

लोणारला मात्र जाण्यापूर्वी मन तयार करावे, कारण तेथे आपल्याला कुत्र्याविना उतरायचे आहे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे हे विवर, त्याच्या तळाशी खारे, क्षारयुक्त पाणी. जून 2020 मध्ये सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झाले तेव्हा साऱ्या देशाने त्याची छायाचित्रे पाहिली, आणि त्याच वर्षी ते रामसर स्थळांच्या यादीत आले. विवराचा परिसर अभयारण्य आहे आणि अभयारण्यात पाळीव कुत्रा नेऊ नये. हा केवळ कागदी नियम नव्हे. कुत्र्यांमधील डिस्टेंपरचा विषाणू वन्य मांसभक्षकांनाही होतो. 1994 मध्ये टांझानियातील सेरेंगेटीत त्याने सुमारे हजार सिंह मारले आणि 2018 मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यातही या विषाणूचा हात होता. आपला कुत्रा निरोगी दिसला तरी तो काय वाहून नेतो हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून लोणारला जोडीने, शक्य तर तिघांनी जावे. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी कमळजा देवीपर्यंत खाली उतरावे. ज्यांना तो उतार झेपणार नाही, त्यांनी गावात दैत्यसूदन मंदिराच्या परिसरात बाहेर सावली पाहून कुत्र्यासोबत बसावे. एरवी अशा सहलीत न झेपणाऱ्या माणसाला गाडीत एकटे बसावे लागते आणि आपण ओझे झालो असे त्याला वाटते. येथे त्याच्याकडे काम असते.

हाच न्याय ज्ञानगंगा अभयारण्याला. बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटातून खामगावकडे जाणारा रस्ता या जंगलातून जातो. अस्वले आणि बिबटे येथले कायमचे रहिवासी. 2019 मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ हजार किलोमीटरहून अधिक चालून येथे पोहोचला होता. घाटात गाडी थांबवून कुत्र्याला लघवीला उतरवू नये; जंगलाच्या कडेच्या गावांत राहणाऱ्यांनी पहाटेचे आणि सांजेचे फिरणे वस्तीतच उरकावे, कारण बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य आहे. शेगावला श्री गजानन महाराजांच्या दर्शनाला कुत्रा नेऊ नये हे सांगण्याची गरज नाही. गुरुवारची गर्दी, ढोलताशे आणि घाटाखालचे ऊन ही तिन्ही त्याला नकोशी. दर्शनाच्या दिवशी तो घरी, ओळखीच्या माणसाजवळ राहील.

ते ओळखीचे माणूस कोण, येथे आपण परत मूळ प्रश्नापाशी येतो. पहिला मुक्कामाचा प्रवास पर्यटनस्थळी करू नये, असे आमचे सांगणे आहे. तो त्या घरी करावा, जे घर आपल्यानंतर त्याचे होणार आहे. त्या व्यक्तीला आधी स्पष्ट विचारावे. ‘पाहू पुढचे पुढे’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. आमच्या बाबतीत मेहकरकडे शेती करणाऱ्या भाच्याने होकार दिला. त्याच्या बायकोने मात्र दोन दिवस विचार करून मग दिला, आणि आमच्या लेखी तोच खरा होकार. वहीच्या एका पानावर कुत्र्याचे लसीकरण, त्याचे खाणे, त्याला कशाची भीती वाटते, पशुवैद्यकाचा पत्ता आणि या घराचे नाव लिहून ते पान औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर ठेवावे. रुग्णवाहिका येते त्या रात्री घरातल्या माणसाला सगळे आठवत नाही. ते पान शेजाऱ्यालाही वाचता येते.

वर्षातून तीन-चारदा तेथे दोन रात्री राहावे. सुगीच्या घाईत नको, पोळ्याला नको, मोकळ्या दिवसांत. पहिल्या संध्याकाळी तो आपल्या पायाशीच बसेल आणि तेथली कुत्री धुऱ्यावरून भुंकतील. त्यांची गाठ अंगणात घालू नये, बाहेर पांदणीवर, पट्टा सैल ठेवून, शेजारीशेजारी चालत घालावी. रात्री गोधडी आपल्या खाटेशेजारी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फिरवायला भाच्याने न्यावे, आपण सोबत जावे. संध्याकाळी भाच्याने एकट्याने न्यावे. तो वळून वळून मागे पाहील. आपण हाक मारू नये. तिसऱ्या खेपेला, परतण्याच्या दिवशी, त्याचे ताट भाच्याच्या सुनेच्या हाती द्यावे आणि भाकरी कुस्करून तिलाच घालू द्यावी. आपण तेवढ्या वेळात आत जाऊन चहा घ्यावा, दार लोटून.